बुद्धाकडे काय मागायचं? (वंदना, श्रद्धा आणि आपण)

मुळाकाठ | रविवार, रात्री १०:१२

सगळ्यांना नमो बुद्धाय, जय भीम.

मागच्या शनिवारची गोष्ट. दुसऱ्या दिवशी लेकीची पाचवीची स्कॉलरशिप परीक्षा होती. कंपास, हॉल तिकीट, पाण्याची बाटली सगळं भरून झालं आणि ती आपणहून बुद्धमूर्तीपुढे जाऊन बसली. हात जोडले, डोळे मिटले. थोड्या वेळाने डोळे उघडून मला म्हणाली, "पप्पा, माझ्या मैत्रिणी बाप्पाकडे मार्क मागतात. बुद्धाकडे काय मागायचं?"

"नीट पेपर लिही, झोप आता," म्हणून मी वेळ मारून नेली. पण आठवडा झाला, प्रश्न डोक्यातून जात नाही.

मी विपश्यनेची दहा दिवसांची तीन शिबिरं केली आहेत, एक इगतपुरीला, दोन मरकळला. तिथून आल्यापासून मनात पक्कं बसलं होतं की खरी साधना आसनावर. फुलं, मेणबत्ती, अगरबत्ती, गाथा हे सगळं तिथवर पोचण्याआधीचं. आई मात्र रोज पहाटे साडेपाचला अंघोळ करून वंदना घेते. शिक्षण चौथीपर्यंत, पण त्रिसरणापासून जयमंगल अट्ठगाथेपर्यंत सगळं तोंडपाठ. आवाज बारीक, एका सुरात. आमच्या दोन खोल्यांत माझं सगळं बालपण त्या आवाजाने उजाडलं आहे.

तिची एक सवय सांगतो. कालचं सुकलेलं फूल ती आधी काढत नाही. ताजं फूल वाहते, सुकलेलं त्याच्या शेजारीच राहू देते, आणि गाथा संपल्यावर मग उचलते. असं का, हे मी कधी विचारलं नाही.

तर प्रश्न सरळ आहे. बुद्ध देव नाहीत, वर देत नाहीत, त्यांचं महापरिनिर्वाण झालं. मग आपण हात जोडतो ते कोणासाठी? धम्माच्या वाटेवर प्रार्थनेला, भक्तीला जागा आहे की नाही? जाणकारांनी लिहावं. लेकीला खरं उत्तर द्यायचं आहे.

---

औंधकर | रविवार, रात्री १०:३०

माझ्या मुलानेही हेच विचारलं होतं. वाचतोय.

---

पिंपळपान | रविवार, रात्री ११:०५

पुणे विद्यापीठात पाली शिकले, अजून शिकतेच आहे. त्या आधारावर लिहिते.

तुमच्या लेकीचा प्रश्न त्रिपिटकात आलेला आहे. संयुत्त निकायात असिबंधकपुत्त नावाचा गामणी, म्हणजे गावचा मुखिया, बुद्धांना नालंदेत भेटतो. तो म्हणतो, पश्चिमेकडचे काही ब्राह्मण मेलेल्या माणसाला मंत्रांनी स्वर्गात पोचवतात, तुम्हीही साऱ्या जगाला पोचवू शकाल ना? बुद्ध त्याला विचारतात, समज, एखाद्याने भला मोठा दगड खोल डोहात टाकला. मग गावच्या गाव काठावर जमून हात जोडून प्रदक्षिणा घालत म्हणू लागलं, "वर ये रे दगडा, तरंग रे दगडा, काठाला लाग रे दगडा," तर तो येईल का? गामणी म्हणतो, नाही. मग बुद्ध उलटा दाखला देतात. तुपाचं मडकं पाण्यात फुटलं तर खापऱ्या तळाला जातात आणि तूप वर येतं. "बुड रे तुपा" म्हणून कितीही विनवलं तरी ते बुडत नाही. आपली कर्मं तशीच.

दुसरा संदर्भ अंगुत्तर निकायातला. अनाथपिंडिक या आपल्या उपासकाला बुद्ध सांगतात की आयुष्य, रूप, सुख, यश आणि स्वर्ग या पाच गोष्टी सगळ्यांना हव्याशा वाटतात, पण त्या याचनेने मिळत नाहीत. मागून मिळाल्या असत्या तर जगात कोणाला काय कमी पडलं असतं? ज्याला दीर्घायुष्य हवं त्याने तिकडे नेणारी वाट चालावी.

म्हणजे ‘मागणं’ या अर्थाने प्रार्थना बुद्धांनी स्वच्छ नाकारली आहे. पण म्हणून वंदना फुकट ठरत नाही. ते उद्या लिहिते, आता झोप येतेय.

---

बोपोडीकर | सोमवार, सकाळी ७:४८

पिंपळपान ताईंचा प्रतिसाद प्रत्येक विहारात वाचून दाखवावा असा आहे.

मला मात्र या विषयाची भीती वाटते. धर्मांतरानंतर माझ्या आजोबांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून मुळेत सोडले. आजी त्यानंतर महिनाभर नीट झोपली नाही. घरात कोणाला साधा ताप आला तरी तिला वाटायचं, देव कोपला. काहीच झालं नाही. माझ्या वडिलांना शाळेत घातलं, ते शिकले, आम्ही शिकलो. त्या रिकाम्या देव्हाऱ्यात आजोबांनी पुस्तकं ठेवली. तो देव्हारा अजून माझ्याकडे आहे, अजून त्यात पुस्तकंच आहेत.

आणि परवा विहारात एक बाई मूर्तीपुढे हात जोडून म्हणाल्या, "मुलाला नोकरी लागू दे, खीर वाटीन." पोटात कालवलं. हा नवसच झाला. बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या आपणच ना? आज खीर, उद्या दोरा, परवा अंगारा. बाबासाहेबांनी एवढ्या कष्टाने काढून टाकलेलं आपण मागल्या दाराने आत घेतोय. म्हणून मी घरात वंदना करत नाही. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, बाबासाहेबांचं ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतो, मुलांना वाचून दाखवतो. तेवढं पुरेसं आहे असं माझं प्रामाणिक मत.

---

आनापान | सोमवार, सकाळी ९:२०

मुळाकाठ दादा, तुम्ही शिबिरं केलीत म्हणून आठवण करून देतो. तिथेही पहिल्या संध्याकाळी आधी बुद्ध, धम्म, संघ या त्रिरत्नांना शरण जातात आणि शील घेतात, मगच आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याची साधना, मिळतं. शेवटच्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं. म्हणजे आसनाच्या दोन्ही बाजूंना वंदना आहेच. आपण मधलंच तेवढं लक्षात ठेवतो.

---

पिंपळपान | सोमवार, दुपारी २:१५

बोपोडीकर दादा, तुमच्या आजोबांचा देव्हारा वाचून डोळे भरून आले. तुमची भीती खरी आहे, ती मलाही वाटते. पण बाबासाहेबांनी या बाबतीत काय केलं ते बघू या.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी त्रिसरण-पंचशील घेतलं. बुद्धमूर्तीपुढे तीनदा वाकून वंदन केलं, पांढरी कमळं वाहिली. त्याआधी २५ डिसेंबर १९५४ ला आपल्या इथेच देहूरोडला त्यांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती स्वतः बसवली. आणि ‘बौद्ध पूजा पाठ’ नावाचं संकलन त्यांनी स्वतः तयार केलं. शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या १६ व्या खंडात पाली व्याकरण आणि कोशाबरोबर ते छापलेलं आहे. अंधश्रद्धेचा एवढा वैरी असलेला माणूस पूजापाठ कशाला जमवेल? कारण माणसाला नुसता विचार धरून ठेवता येत नाही, त्याला रोज उच्चारायला, एकत्र बसून म्हणायला काही तरी लागतं, हे त्यांना कळत होतं. निदान मी तरी तसं समजते.

आता शब्दांकडे. आपल्या आया-आज्या काय म्हणतात? "वंदना घेतली का?" पूजा ‘करतात’, आरती ‘करतात’, आपण वंदना ‘घेतो’. पंचशीलही घेतो. मी हे लहानपणापासून ऐकत होते, पण पाली शिकताना एक दिवस ध्यानात आलं आणि पुस्तक मिटून बसले. पंचशीलाच्या प्रत्येक ओळीचं शेवटचं क्रियापद काय आहे? "पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि." समादियामि म्हणजे अंगावर घेतो, पत्करतो. प्राण्याचा घात करण्यापासून दूर राहण्याचा नियम मी घेतो. पाली कधी न शिकलेल्या आपल्या बायकांनी त्या क्रियापदाचं नेमकं मराठी करून ठेवलं आहे.

शरणगमनातही तेच. "बुद्धं सरणं गच्छामि." गच्छामि, म्हणजे जातो. चालणारा मी आहे. "मला ने" असं तिथे कुठेच नाही.

त्यामुळे त्या खीर बोललेल्या बाईंना हाकलू नका, त्यांच्याजवळ बसा. मुलगा कामाला लागावा ही आईची तळमळ आहे, तिला दुसरी भाषा माहीत नाही म्हणून ती जुनी भाषा बोलली. पुढच्या पौर्णिमेला त्यांना पंचशीलाचा अर्थ मराठीत समजावून सांगा.

---

बोपोडीकर | सोमवार, दुपारी ४:०२

‘समादियामि’चा हा अर्थ आजवर मला कोणी सांगितला नव्हता. आम्ही ते गाणं म्हणावं तसं म्हणत आलो. विचार करतो.

---

बाणेरहून | सोमवार, सायंकाळी ७:३५

मी निचिरेनच्या परंपरेत ‘नाम म्योहो रेंगे क्यो’ म्हणते, सहा वर्षं झाली. १२५३ मध्ये जपानमध्ये निचिरेन यांनी हा जप सुरू केला. सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या नावाला वंदन, असा त्याचा अर्थ. आमच्याकडे लोक नोकरी, तब्येत, घरातली भांडणं असे ठरावीक प्रश्न मनात धरून जप करतात. वरचं वाचून वाटलं, मग आम्ही धम्माबाहेर का?

माझ्यापुरतं सांगते. पहिलं वर्ष मी नोकरीच मागत होते. रोज तासभर भिंतीकडे तोंड करून तेच तेच मागता मागता एक दिवस लक्षात आलं की मला नोकरी नको आहे, मला वडिलांना काही तरी सिद्ध करून दाखवायचं आहे. त्या दिवशी त्यांना फोन केला. दोन वर्षांनी.

---

पिंपळपान | सोमवार, रात्री ९:१०

बाणेरहून ताई, मी कोण तुम्हाला बाहेर काढणार? थेरवादाच्या, म्हणजे पाली परंपरेच्या, सुत्तांशी ठरावीक फळासाठी जप करणं जुळत नाही असं मला वाटतं, ते मी लपवत नाही. पण तुमची परंपरा ज्यातली, त्या महायान पंथात या प्रश्नावर फार खोल विचार झाला आहे. जपानमधल्याच शिनरान (११७३-१२६३) यांच्या मते अमिताभ बुद्धाचं नाव घेणं ही मागणी नाही, मिळालेल्या करुणेबद्दलची कृतज्ञता आहे. आणि शांतिदेवाच्या बोधिचर्यावतारावरून आलेली सप्तांग पूजा इथे दापोडीच्या महाविहारात आणि भाजे इथल्या शिबिरांत म्हटली जाते. तिच्यात आपल्या चुका मोठ्याने कबूल करणं आहे, दुसऱ्याच्या पुण्याचा आनंद मानणं आहे, आणि शेवटी आपलं सगळं पुण्य सर्वांसाठी देऊन टाकणं आहे. मिळवायचं आणि मग देऊन टाकायचं. तुमचा वडिलांना केलेला फोन मला त्यातलाच वाटतो.

---

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे ४:५०

मी नर्स आहे, आयसीयूला. कामावर येताना बसमध्ये करणीय मेत्त सुत्त मनात म्हणते. "माता यथा नियं पुत्तं आयुसा एकपुत्तमनुरक्खे." आई जशी एकुलत्या एका लेकराला जिवापाड जपते, तसं मन सगळ्या जिवांबद्दल वाढवावं.

माझ्या मैत्री भावनेने पेशंटचा ऑक्सिजन वाढत नाही. मशीन समोर असतं, आकडा दिसतो, फसवणूक करून घ्यायला जागाच नाही. पण पूर्वी नऊ नंबरच्या बेडची बेल तिसऱ्यांदा वाजली की माझा हात आधी कपाळाला जायचा आणि मग मी उठायचे. आता नुसती उठते. आज त्या बेडवरचे आजोबा तहान लागली म्हणून बेल दाबत होते आणि त्यांना पाणी द्यायची परवानगी नव्हती. कापूस ओला करून ओठांवर फिरवत बसले, दर दहा मिनिटांनी. सुत्त म्हटलं नसतं तरी मी हे केलं असतं का? केलं असतं कदाचित. पण चिडून.

सगळं लिहायला आत्ता वेळ नाही, राउंड आहे.

---

इंद्रायणी | मंगळवार, सकाळी ११:२५

मी आळंदीची, घरात वारी. धाग्यात आगंतुक वाटले तर सांगा.

विठ्ठलापुढे उभं राहिल्यावर माझ्या आईला काही मागायचं सुचत नाही, ती नुसती रडते. पालखी पुण्यात येते तेव्हा लाखो लोक चालतात, त्यांतले कितीतरी काहीच मागत नाहीत. मग आमची भक्ती आणि तुमची श्रद्धा यांत फरक काय? भांडायला विचारत नाही, खरंच समजून घ्यायचं आहे.

---

पिंपळपान | मंगळवार, दुपारी १:४०

इंद्रायणी ताई, आगंतुक कसल्या, बसा. तुमच्या आईच्या रडण्यात आणि मुळाकाठ दादांच्या आईच्या पहाटेच्या आवाजात मला अंतर दिसत नाही. फरक पुढे आहे.

पालीत शब्द आहे सद्धा. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन तो यवन, म्हणजे ग्रीक, राजा मिलिंदाला समजावतात. चक्रवर्ती राजाची फौज ओढा ओलांडते, हत्ती, घोडे, रथ, पायदळ. पाणी ढवळून चिखल होतं. राजाला तहान लागते. मग पाणी निवळणारं रत्न त्यात टाकतात, गाळ खाली बसतो, शेवाळ दूर होतं, पाणी स्वच्छ होतं. सद्धेचं काम तेवढं: मन निवळणं. पाणी प्यायचं मात्र ज्याचं त्याने. पाच इंद्रियांत, म्हणजे इथे मनाच्या पाच शक्तींत, सद्धा, वीरिय (प्रयत्न), सति (सजगता), समाधि (एकाग्रता), पञ्ञा (प्रज्ञा) यांत ती पहिली आहे, आणि पाचवीशी म्हणजे प्रज्ञेशी तिचा तोल राखावा लागतो. नुसती सद्धा वाढली तर माणूस कशावरही विश्वास ठेवतो, नुसती प्रज्ञा वाढली तर फाटे फोडत बसतो.

आणि एक भिक्खू वक्कलींची कथा. ते बुद्धांवर इतकं प्रेम करायचे की आजारपणात त्यांना एकच रुखरुख लागली, दर्शनाला जाता आलं नाही. बुद्ध स्वतः त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "या कुजणाऱ्या शरीराला बघून काय मिळणार? जो धम्म पाहतो तो मला पाहतो." प्रेम नाकारलं नाही, वळवलं. याच वक्कलींना बुद्धांनी श्रद्धावंतांमध्ये अग्र म्हटलं आहे. तुमचा विठ्ठल भेटायला येतो, उराउरी भेटतो. आमचे बुद्ध भेटायला येतात आणि स्वतःवरून नजर काढून वाटेकडे वळवतात. मला दिसतो तो फरक हा.

---

लेणीवेडा | मंगळवार, रात्री ८:५५

फार सुंदर चर्चा. मी लेण्यांचं बोलतो, तेवढंच मला कळतं.

कार्ल्याच्या चैत्यगृहात दुपारी गर्दी ओसरल्यावर जा. सुमारे १२४ फूट लांब, ३७ खांब. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा आणि स्तूपामागे सात. खांबांच्या मागून जी चिंचोळी वाट जाते ती प्रदक्षिणेची. मूळ चैत्यगृहात पूजेला मूर्ती नाही, नुसता स्तूप आणि त्यावर दोन हजार वर्षांचं लाकडी छत्र. म्हणजे मूर्ती येण्याच्या आधीही लोक इथे हात जोडून फिरतच होते. कोण होते हे लोक? लेख वाचा. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल. धेनुकाकटचा गंधिक, म्हणजे अत्तरवाला. तिथलाच सुतार सामी. कित्येक खांब यवनांचे. खांबांवर बहुतेक गाव, नाव आणि पुढे ‘दान’ एवढंच कोरलेलं आहे. काय हवं ते लिहिलेलं नाही, काय दिलं ते लिहिलं आहे.

मी त्या वाटेने फिरतो तेव्हा तळहात खांबाला लावून चालतो. दगड गार लागतो, भर उन्हाळ्यातसुद्धा.

---

औंधकर | मंगळवार, रात्री ९:३०

लेणीवेडा, येत्या रविवारी भाजे-कार्ले करायचं का? मुलाला आणतो. लोकल शिवाजीनगरहून, मळवलीला उतरू.

---

बोपोडीकर | बुधवार, सकाळी ८:१०

रविवारी मीही येतो.

आणि पिंपळपान ताई, फुलांच्या गाथेचा अर्थ टाका ना. काल रात्री देव्हाऱ्यातल्या पुस्तकांत आजोबांची वंदनेची छोटी पुस्तिका सापडली. ते वंदना घेत होते हे मला माहीतच नव्हतं. त्या पानावर त्यांच्या हाताची पेन्सिलची खूण आहे.

---

पिंपळपान | बुधवार, सकाळी १०:४५

"पूजेमि बुद्धं कुसुमेन नेन, पुञ्ञेन मेतेन च होतु मोक्खं। पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं॥"

या फुलाने मी बुद्धांची पूजा करतो, या पुण्याने मोक्ष होवो. हे फूल जसं सुकत चाललं आहे, तसं माझं शरीरही नाशाकडे चाललं आहे.

पहिल्या ओळीत ‘होतु’ आहे, म्हणजे इच्छा आहे. ती नाही असं मी म्हणणार नाही. पण लगेच दुसरी ओळ काय सांगते ते बघा. महापरिनिब्बान सुत्तातही शालवृक्षांवर अवेळी फुलं येऊन बुद्धांच्या अंगावर पडतात, तेव्हा ते आनंद या आपल्या शिष्याला म्हणतात, तथागताची खरी पूजा याने होत नाही, जो धम्माप्रमाणे चालतो तो परम पूजा करतो.

आजोबांची पुस्तिका जपून ठेवा.

---

मुळाकाठ | रविवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार. मळवलीला भेटलो त्यांना परत एकदा धन्यवाद. बोपोडीकर दादांनी भाज्याच्या स्तूपापुढे आजोबांच्या पुस्तिकेतून वंदना घेतली, आम्ही मागे म्हणालो. त्यांचा आवाज दोनदा अडला.

गुरुवारी आईला फुलाचं विचारलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अरे, तोंडाने ‘पुप्फं मिलायाति’ म्हणायचं आणि समोर सगळी टवटवीत फुलं ठेवायची? मग कळणार कसं?" हे तिला कोणी शिकवलेलं नाही. माझे वडील गेले त्या वर्षी जलदान विधीला भन्तेजींनी गाथेचा अर्थ सांगितला होता, तेव्हापासून ती सुकलेलं फूल राहू देते. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो, तिथेच बसलेला होतो.

लेकीला मी सांगितलं, बुद्धाकडे मागत नाहीत, आपण त्यांच्यासमोर बसून काही तरी घेतो. काय घेतो? तर पाच नियम. एक-एक करून मराठीत सांगितले. चौथ्यापाशी, खोटं न बोलण्यापाशी, ती गप्प झाली. शुक्रवारी पहाटे आजीशेजारी जाऊन बसली, सगळं म्हटलं, "मुसावादा वेरमणी" जरा हळू म्हटलं. मग शाळेचे बूट घालता घालता म्हणाली, "पप्पा, सरावाचे दोन पेपर मी सोडवलेच नव्हते. सोडवले म्हणून सांगितलं होतं."

मी रागावलो नाही. परीक्षा तर होऊन गेली. पण काल संध्याकाळी ते दोन्ही पेपर तिने आपणहून काढले. गणिताचा अर्धा झाला आहे, आत्ता अपूर्णांकांवर अडकली आहे आणि मला हाक मारतेय.